अडलेला काटा

आई कोट घालूनच वजनाच्या यंत्रावर चढली. यंत्र जेवायच्या टेबलाला खेटून कायमचं मांडलेलं. आधी काट्यावर, मग खुर्चीवर, असा या घरातला रविवारचा नियम होता. टेबलावर ताटं वाढून तयार होती आणि निवत होती.

"कोट काढतच नाहीत हल्ली," वहिनी म्हणाली. "थंडी वाजते म्हणतात. आम्ही कोटाचं किलोभर वजा धरतो."

लांबच्या मार्गावर बस चालवणारी ताई दोन महिन्यांनी आज माहेरी आली होती. दारातच तिच्या लक्षात आलं होतं की कोटात आईला शोधावं लागतंय. नाकापेक्षा मोती जड, तशातली गत.

भाऊ वाकून काटा वाचत होता. पूर्वी त्याला असं वाकता येत नसे. लहानपणापासून सगळे त्याला ढब्बू म्हणत. वर्षभरात तो इतका उतरला होता की हनुवटीखाली नुसती रिकामी पिशवी लोंबत होती. चरबीबरोबर थोडी अक्कलही उतरली असावी, असं ताईला वाटलं. मुळात ती फार नव्हतीच.

"अडलाय," तो म्हणाला. "मागच्या रविवारी एवढाच, त्याच्या मागच्या रविवारीही एवढाच. काटा अडला."

"मग?"

"मग काय, खाणं उतरवायचं. ताई, हे शास्त्र आहे. वजन घटलं की शरीराला लागतंही कमी. म्हणून जसजसं वजन उतरेल तसतशा कॅलरी उतरवत न्यायच्या. पहिल्याइतकंच खात राहिलं की काटा अडतो. अडला, की आणखी उतरवायच्या. मी नाही का असाच उतरलो?"

बोलता बोलता त्याने आईच्या ताटातला उकडलेला बटाटा उचलून पातेल्यात टाकला. मग तिचा पावाचा तुकडा छोट्या तराजूवर ठेवला, मान वाकडी करून पाहिला आणि सुरीने त्याची कड कापली. सोनारसुद्धा इतका जीव लावून काम करत नसेल.

"घटलं तरी कमी, नाही घटलं तरी कमी," ताई म्हणाली. "तुझ्या शास्त्रात जास्त कधी वाढतात रे?"

हा प्रश्न त्याला कुणी विचारलाच नव्हता. त्याने कापलेली कडही पातेल्यात टाकली.

"ढब्बू, तू जाड होतास. ही कधी जाड होती?"

"घरात एक नियम म्हणजे एक नियम. आईच्या ताटात जास्त दिसलं की माझं मन चळतं. मग माझा आठवडा वाया जातो."

"बरोबर आहे यांचं," वहिनीने री ओढली. तिच्या गळपट्टीवर बिस्किटाचा चुरा होता. स्वयंपाकघरातच ती गुपचूप पोट भरून घेत असणार. ताईला भावापेक्षा तिचीच जास्त किळस आली. तो निदान मूर्ख तरी होता.

म्हणजे याचं मन चळू नये म्हणून आईने उपाशी राहायचं! लहानपणी दुसऱ्यांदा वाढून घ्यायला हाच सगळ्यांत आधी ताट पुढे करायचा, आणि आई आपल्या वाटचं त्याच्यात लोटायची. ताईच्या डोक्यात तिडीक गेली.

आई यंत्रावरून उतरताना झोकांडली. ताईने तिला सावरलं, तेव्हा कोटाचा खिसा ताईच्या गुडघ्यावर दाणकन आपटला. ताई कळवळली. तिने खिशात हात घातला. आत जुन्या फाटकाचं लोखंडी कुलूप होतं. दुसऱ्या खिशात दाराला अडसर म्हणून लावायचा दगड.

"आई, हे काय?"

चोरी पकडल्यासारखा आईचा चेहरा पडला. तिने खुर्चीचा आधार घेतला आणि बसली.

"घटलं की घास घटतो, असं म्हणाला होता," ती हळूच म्हणाली. "म्हटलं, घटूच द्यायला नको. आधी नुसतं कुलूप पुरायचं. मग दगडही लागायला लागला."

ताईने कुलूप आणि दगड नेऊन यंत्रावर ठेवले.

"वाच आता, उंटावरच्या शहाण्या."

भाऊ वाकला. काटा पाहिला, ओठ हलवत मनातल्या मनात वजाबाकी केली. क्षणभर ताईला वाटलं, याला लाज वाटेल. वाटायला हवी होती. पण तो वर आला तो फुललेल्या चेहऱ्याने.

"म्हणजे काटा अडलाच नव्हता! आई, अगं तू उतरतच होतीस! सगळं बरोबर चाललंय. फक्त या नव्या वजनावर सगळं परत बसवावं लागेल..."

आणि त्याने आईच्या ताटाकडे हात नेला.

ताट जागेवर नव्हतं. आईने ते मांडीवर ओढून घेतलं होतं आणि वरून कोट पांघरला होता. डोकं खाली घालून ती भराभर खात होती.

"चल आई, माझ्याकडे," ताई म्हणाली. "ऊठ. कोटही आता हलका झालाय."

"येते," आई भरल्या तोंडाने म्हणाली. "तू आधी याला जरा धरून ठेव. मला जेवू दे."