कोरं नाव

शिवराजला लाज म्हणून नव्हती. जित्याजागत्या बहिणीच्या जुन्या फोटोला त्यानं चंदनाचा हार घातला होता. वर सासरच्यांना सांगून ठेवलेलं, "थोरला भाऊ माझा, मल्हार. तापानं गेला."

गेलं कुणीच नव्हतं. ज्याला सगळे मल्हार म्हणायचे ती पहिल्यापासून पायलच होती, घरच्यांना उशिरा दिसली एवढंच. शाळेचे गणवेश शिवायच्या कारखान्यात ती कापड बेतायची. तिच्या कात्रीला मालकसुद्धा वचकून असे.

आई, केराबाई, तो हार रोज बघायची आणि गप्प बसायची. शेळी गप्प झाली की समजावं, शेळी आजारी आहे. केराबाई गप्प झाली की समजावं, दुसऱ्या कुणाचं तरी काही खरं नाही.

शिवराजला मुलगा झाला. तृतीयपंथीयाचा हात फिरला की बाळाला दृष्ट लागत नाही म्हणे. बारशाला तसं कुणीतरी यावं, अशी त्याची वैरागची सासू गोजरबाई हट्ट धरून बसली. शिवराज आईपाशी आला.

"आये, पायलला सांग की. यायचं, टाळी वाजवायची, बाळावरनं हात फिरवायचा, निघायचं. वळख न्हाय दाखवायची. भायेरचं कोण आलं तर तमाशा करतील."

आरती सोडली तर पायलनं जन्मात टाळी वाजवली नव्हती.

"बलावते की," केराबाई म्हणाली.

बारशादिवशी घर सोयऱ्यांनी भरलं. घुगऱ्या शिजल्या, पाळणा सजला. नाव ठेवायचा मान आत्याचा. शिवराजनं चुलत बहीण अंकिताला आत्या करून उभी केली होती, नावही पढवून ठेवलं होतं. तेवढ्यात पायल आली. इरकल नेसलेली, हातात स्वतः शिवलेलं अंगडं-टोपडं.

"टाळी," शिवराज दातांतून म्हणाला. "टाळी वाजव."

केराबाईनं अंकिताला कोपरानं बाजूला सारलं. पायलला खाली बसवलं, पाळण्यातलं बाळ उचललं आणि तिच्या मांडीवर दिलं.

"विहीणबाई, ही शिवराजची थोरली बहीण. बाळाची सख्खी आत्या."

"बहीण? कदी बोलला न्हाईत."

"त्यानं मारलीया तिला. तो बगा हार."

गोजरबाईनं फोटो बघितला. मग पायल बघितली. हनुवटीवरचा तीळ दोन्हीकडं तोच.

पायल वाकली. बाळाच्या कानात 'कुर्रर्र' केलं. मग मान वर करून खणखणीत बोलली.

"मल्हार!"

शिवराजच्या हातातलं ताट पडलं. "ए! ते न्हाय! ते नाव नगं!"

पण कानात गेलेलं नाव माघारी येत नाही, हे बायकांना माहीत असतं. रीतीप्रमाणं आत्याच्या पाठीत पहिला बुक्का बसला. मग दुसरा. तिसरा गोजरबाईचा होता, आणि चांगला सणसणीत होता.

"मला ते कदी बसलंच न्हाय, शिवा," पाठ चोळत पायल म्हणाली. "अंगाला लागलंच न्हाय. कोरं हाय. लेकराला बसलं तर बसलं, न्हायतर मोठं होऊन त्यानं आपल्या मापाचं बेतावं."

केराबाईनं स्टुलावर चढून फोटोचा हार काढला आणि शिवराजच्या हातात कोंबला.

"मेला म्हनलास न्हवं? आता मरेस्तोवर त्यालाच हाका मार."