शोकाचा आकडा

आई पहाटे गेल्याचा फोन आला तेव्हा हेमलता सूतगिरणीत पहिल्या पाळीवर होती. भाऊ कुरुंदवाडला अंत्यविधीसाठी तिची नऊपर्यंत वाट बघणार होता. आठ वाजता तिने रजेच्या यंत्रावर मनगट ठेवलं.

“ताई, शोक दिसत नाही,” सुपरवायझर गवंडे म्हणाले. “रक्तातलं ताणाचं हॉर्मोन, ते कॉर्टिसॉल, वाढल्याशिवाय गेट उघडत नाही.”

“माझ्या दोन्ही ॲड्रिनल ग्रंथी काढल्यात, साहेब. ते हॉर्मोन माझ्या अंगात तयारच होत नाही. पेशींना रोजच्या गोळीतूनच मिळतं.”

“मला पटतंय हो. पण यंत्रात तशी सोयच नाही.”

हेमलताने पर्समधलं गोळ्यांचं पाकीट काढून त्यातल्या तीन एकदम गिळल्या आणि बाकावर बसली. डोळे सारखे भरून येत होते, पण यंत्र डोळ्यांकडे बघत नव्हतं. तिने तीनदा मनगट ठेवून पाहिलं. सव्वानऊला आकडा चढला आणि पडद्यावर ‘तीव्र शोक, रजा मंजूर’ अशी अक्षरं आली.

गेट सरकत असतानाच भावाचा फोन आला. “अक्का, लोक थांबेनात गं. आत्ताच अग्नी दिला.”

ती तिथेच उभी राहिली.

“निघा ताई,” गवंडे मागून हळूच म्हणाले. “गोळीचा असर उतरला की गेट पुन्हा बंद होईल.”