सोनूच्या झोळीजवळचा आकडा

दिपालीने यंत्र भिंतीला टेकवलं. भिंतीपलीकडे जाळीचं कुंपण, कुंपणापलीकडे सबस्टेशन. तिथून निघणारं चुंबकीय क्षेत्र बंजारा तांड्यातल्या घरांपर्यंत किती पोचतं, हे मोजायला ती यवतमाळच्या कॉलेजातून आली होती.

"किती?" पुष्पाने विचारलं. तिची पिशवी दाराशी भरून ठेवलेली होती. आकडा जास्त निघाला, तर वर्षभराच्या सोनूला घेऊन ती संध्याकाळच्या एसटीने बाभुळगावला, माहेरी जाणार होती. परत कधी, ते तिने सांगितलं नव्हतं.

"कमीच आहे. तुमच्या फ्रिजपाशी याच्याहून जास्त होता."

"मी काय सांगून राह्यली होती?" चुलीपाशी बसलेली पुष्पाची सासू नंदाबाई म्हणाली. "सारा तांडा इथंच वाढला."

"याडी, मोजू तं द्या त्याह्यले," पुष्पा सासूला म्हणाली.

दिपाली झोळीजवळ आली. सोनू आत झोपला होता, पुष्पा झोका देत होती. आकडा एकदम चढला. उतरला. पुन्हा चढला.

पुष्पाने पिशवीकडे पाहिलं.

"झोका थांबवा बरं जरा."

झोळी थांबली. आकडाही उतरून थांबला. दिपालीने बोटाने झोळी हलवली, तसा तो पुन्हा वर-खाली होऊ लागला.

"सबस्टेशन काही झोके घेत नाही, वहिनी. हे झोळीतच काहीतरी आहे."

तिने खालून हात लावला. झोळीच्या लुगड्याच्या दोन थरांमध्ये एक जड, गोल वस्तू शिवलेली होती. लाल-हिरव्या धाग्याचे टाके, घागऱ्यावर घालतात तसे. घरात तसे टाके घालणारं एकच माणूस होतं. पुष्पा चुलीकडे वळली.

"जुन्या लाउडस्पीकरचं चुंबक आहे," नंदाबाई म्हणाली. "तिकून चुंबकाचं काही येते म्हनता ना तुमी? म्हटलं, आलं तं हे ओढून घेईन. पोरापर्यंत जाऊ नाही देनार."

"मले काहून नाही सांगितलं?"

"हासली असती तू."

पुष्पा हसली नाही. तिने दातांनी धागा तोडला, एकेक टाका उसवला आणि चुंबक सासूच्या हातावर ठेवलं. दिपालीने पुन्हा मोजलं. झोळी हलत होती, आकडा जागचा हलला नाही.

"भ्यायचं काही कारण नाही," ती म्हणाली आणि पुढच्या घराकडे गेली.

नंदाबाई चुंबकावरून अंगठा फिरवत बसून राहिली.

"मंग आता काय बांधू मी त्याले?" तिने हळूच विचारलं.

पुष्पाने खुंटीवरचं कापूस वेचायचं फडकं काढून कमरेला गुंडाळलं.

"मी वेचणीले चालली, याडी," ती म्हणाली. "उठला तं तुमीच घ्या त्याले."