लाल बटण

शेवेच्या कारखान्यात मॅनेजर म्हणून आल्या आल्या देवदत्तने पॅकिंग मशीनशेजारी ते थांबवणारं एक लाल बटण बसवून घेतलं. "गडबड दिसली की कोणीही दाबायचं. मला विचारायची जरूरत नाही. कोणी रागावणार नाही."

सगळ्यांनी माना डोलावल्या, पण पाच महिन्यांत बटणाला कोणी हात लावला नाही. पूर्वी मशीन थांबवणाऱ्याला सगळ्यांसमोर बोलणी खावी लागत, ते कोणी विसरलं नव्हतं. देवदत्त मात्र रोज सकाळी ते बटण स्वतः पुसायचा.

मग मोठी ऑर्डर आली. मालक सुधाकरजी काम बघायला येणार, म्हणून देवदत्तच घाबरला. "आज तेवढं काही थांबवू नका हं," त्याने सगळ्यांना बजावलं.

सुधाकरजी आले आणि दहाव्या मिनिटाला मशीन थांबलं. बटणावर पॅकिंग करणाऱ्या रमाताईंचा हात होता.

"किसने रोका भिया?" सुधाकरजी गरजले.

"मी." रमाताईंनी बटणावरून हात काढला नाही. "पाकिटाचं सील ढिलं राहतंय. शेव चार दिवसांत नरम पडेल."

"मॅनेजरने थांबवायला सांगितलं होतं?"

"नाही जी. आज थांबवू नका म्हणाले होते."

सुधाकरजींनी देवदत्तकडे पाहिलं. तो अख्ख्या कारखान्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "माझंसुद्धा ऐकलं नाही त्यांनी! सुधाकरजी, पाच महिने मी याचसाठी धडपडत होतो."