बंपरमागचे हार

बंपर निघाला आणि त्याच्यामागून माती पडली. काळी, ओली, भुसभुशीत. तिच्यात दोऱ्यांचे गुंते.

"हे काय वो काकी?" सेवकराम वेल्डर बसल्या बसल्या मागे सरकला.

चमेलीनं वाकून बघितलं. झेंडूचे हार होते. म्हणजे कधीकाळी होते. दसऱ्याला मॅटाडोरची पूजा झाली की हार बंपरला बांधायचा आणि हातानं काढायचा नाही, आपोआप गळू द्यायचा, हा तिच्या घरचा नेम. सुकलेला हार लोंबताना बरा दिसत नाही म्हणून ती तो बंपरच्या मागे खोचून द्यायची. पुढल्या वर्षी त्याच्यावर दुसरा. दिवाळीला दारांचा उरलेला ऑइलपेंट बंपरला फासला की गाडी नवरीसारखी. अख्ख्या दवनीवाड्यात इतकी जुनी अन् इतकी चकचकीत गाडी दुसऱ्या कोणाची नव्हती, आणि ही गोष्ट ती कोणाला विसरू देत नसे.

"देवाचे हार हायेत," ती म्हणाली. "तुया घरी पूजा होत नसन, तुले काय समजन."

"देवाचेच हायेत, पन पानी धरून बसले ना." सेवकरामनं तारेच्या ब्रशनं चेसीची, गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्याची, पुढची दोन टोकं झाडली. बंपर बोल्टानं बसतो ती. पापुद्र्यांवर पापुद्रे निघत गेले.

"जास्त बोलू नोको. वेल्डिंग मार आन् बंपर बसव. दसऱ्याले गाडी काढाची हाये."

गाडी तिला स्वतःसाठी नको होती. भिंतीपलीकडे, ओसरीवर, तिचा नवरा कन्हैयालाल खाटेवर पडून होता. ही मॅटाडोर त्यानं जन्मभर चालवली. लकव्यानं उजवं अंग गेलं, वाचा गेली, तरी तो जेवत होता. चार दिवसांमागे पोळा झाला आणि त्यानं ओठ मिटले ते मिटलेच. मुलगा, सून, डॉक्टर, सगळे चमचा घेऊन हरले. काल चमेलीनं त्याच्या कानाशी तोंड नेलं. "गाडी दुरुस्त करू जी. दसऱ्याले तुमाले पुढच्या सीटवर बसवू आन् इटियाडोह धरनाचं पानी दाखवून आनू." आणि त्यानं तोंड उघडलं. थोडीशी का होईना, पेज पोटात गेली. हे तिनं घरात कोणाला सांगितलं नाही. नजर लागते.

मुलगा उमेंद्र सकाळीच म्हणाला होता, "माय, भंगारात दे ते डबडं."

"भंगारात टाकाचं तं पयले तुले टाकीन," असं म्हणून तिनं पेजेची वाटी नवऱ्याच्या चालत्या हाताशी, स्टुलावर ठेवली होती. गाडीचं झालं की सांगत सांगत भरवायची.

सेवकरामनं हातोडी घेतली आणि चाकापासून चेसी ठोकत पुढे आला. टण. जरा पुढे, टण. स्टेअरिंगच्या खाली, भद. आणखी पुढे मारली तर हातोडी आतच गेली. दुसऱ्या बाजूला जाऊन ठोकलं. तिथंही तेच.

"काकी, वेल्डिंग कायले मारू? रॉड लावला का भोक पडते."

"मंग पत्रा लाव."

"पत्रा कोनाले लावू? धराले लोखंडच नाही."

"मंग मशीन घेऊन फोटो काढाले आला का?"

सेवकराम हसला नाही. "पूजेपुरता बंपर तारेनं बांधून देतो. पन गाडीत मानूस बसवू नोका. पार स्टेअरिंगपर्यंत सडली हाये."

भिंतीपलीकडे खाट करकरली.

चमेलीनं मान वळवून भिंतीकडे बघितलं. रोज गाडी काढायच्या आधी कन्हैयालाल पाना घेऊन पुढून मागे ठोकत जायचा. चाकं, पाटे, चेसी. वाकून बघायचा नाही, नुसता कान देऊन चालायचा. लकव्यानं त्याचं सगळं नेलं होतं. कान तेवढे ठेवले होते.

"हातोडी दे इकडं."

"काकी..."

"दे म्हनलं ना!"

पदर खोचून ती चाकापाशी बसली. जिथं टण वाजलं होतं ती जागा तिनं बोटानं चाचपली आणि मारली. टण.

"आयकलं ना जी?" ती भिंतीकडे तोंड करून ओरडली. "पक्कं हाये!"

टण. टण.

"सेवकराम म्हनते, आपुन मरू पन गाडी मरत नाही!"

टण.

सेवकराम मान खाली घालून हातावरचा गंज झटकत राहिला. मग हळूच म्हणाला, "काकी, आवाज एकाच जागेचा येऊन राहिला. त्यायले समजन."

"तू चूप राय."

तिनं हातोडी वीतभर पुढे नेली. हात तिथंच अडला. परत मागे आणला. टण.

ओसरीवर स्टीलची वाटी खाली पडली. फरशीवर गरगरली, गरगरत राहिली, आणि थांबली.

चमेली त्याच जागेवर ठोकत होती.