आठ दिवस

मेंदूतली परत वाढलेली गाठ काढून तिथेच किरणोत्सारी पदार्थाच्या इवल्या पट्ट्या ठेवायच्या, असा नवा प्रयोग माझ्या नणंदेवर झाला. आठ दिवस तिला माझ्या तान्ह्या रेवूपासून लांब ठेवा, असं डॉक्टरांनी मला बजावलं. घरी मी तिला महिना सांगितला.

ती उंबऱ्याबाहेरूनच टाळ्या वाजवून रेवूला हसवायची. रेवूने हात पसरले की मी तिला आत न्यायचे.

आज तपासणीला तिने विचारलं, "महिना झाला डॉक्टर, आता भाचीला घेऊ?"

"अहो, आठच दिवस म्हटलं होतं मी!"

तिने माझ्याकडे पाहिलं. रेवूचं बांधलेलंच टोपडं मी पुन्हा बांधलं.

"वहिनीने सांगितलेलं हो, मीच विसरले," ती हसली. "तुम्ही डोकंच उघडलंत ना माझं!"

रिक्षात मी रेवूला तिच्या मांडीवर ठेवायला गेले. हात पुढे करण्याआधी तिने हळूच विचारलं, "चालेल ना तुला?"