बुधवारी सापडलेला

"आये, त्याचं तोंड बांध," रूपेश दबक्या आवाजात म्हणाला. "साहेबांसमोर भुंकला तर सगळ्यावर पाणी पडेल."

माघी गोठ्याच्या दारात उभी होती. "मी नाय बांधणार. तो कवा भुकतो का?"

तेही खरंच होतं. बुध्या अंगाने काळाकुळकुळीत, डोळ्यांवर दोन तांबूस ठिपके, मानही जाडजूड. पण स्वभावाने अगदी गरीब गाय. तीन पावसाळ्यांपूर्वी शिरपामाळच्या वळणावर तो माघीला भिजत बसलेला सापडला. दिवस बुधवारचा होता. पाड्यात बुधवारी जन्मलेला तो बुध्या आणि माघात जन्मलेली ती माघी. कुत्र्यासाठी वेगळं नाव कुठून आणायचं?

त्याच्यात खोडी दोनच. एक म्हणजे सांगितलेलं ऐकायचं नाही. 'बस' म्हटलं की उभा, 'ये' म्हटलं की आपल्याच तंद्रीत. दुसरी, पांढरी गाडी दिसली की धावत जाऊन पुढच्या चाकाचा वास घ्यायचा आणि मान खाली घालून परत यायचं. पोरं त्याला टायरचा इन्स्पेक्टर म्हणत.

आज खरा इन्स्पेक्टर यायचा होता, विम्याचा.

रूपेशने घरामागे पाहुण्यांसाठी दोन खोल्या काढल्या होत्या. ठाण्याची एक सहल कंपनी माणसं पाठवायला तयार होती, पण पाहुण्याला काही झालं तर भरपाई देणारा विमा घराला हवा होता. तो मिळाला तर भिवंडीची बिगारी कायमची सुटणार होती, आई एकटी राहणार नव्हती. आणि विमावाल्यांनी फोनवरच सांगून टाकलं होतं, रॉटवायलर, पिटबुल असल्या जातीचं कुत्रं घरात असेल तर विमा विसरा. बुध्याची जात तोवर पाड्यात कुणी विचारली नव्हती. रूपेशने मोबाईलवर रॉटवायलरचा फोटो शोधून पाहिला, तो हुबेहूब बुध्याच.

पांढरी गाडी अंगणाबाहेर थांबली. विम्याचे देवळे साहेब लगेच उतरले नाहीत. काच खाली करून त्यांनी आधी इकडेतिकडे पाहून घेतलं.

"रस्ता सापडला ना, साहेब?"

"सापडला. शिरपामाळपर्यंत आलोय पूर्वी एकदा."

त्यांनी खोल्या पाहिल्या, विजेची बटणं दाबून पाहिली, न्हाणीघराच्या लादीवर पाय घासून पाहिला. मग ओटीवर चहाला टेकले आणि सहज विचारावं तसं म्हणाले, "कुत्रा वगैरे?"

"नाही, साहेब."

नेमकी तेव्हाच माघी नागलीची भाकर घेऊन चुलीपासून उठली. "बुध्याला टाकून येते," ती म्हणाली.

"बुध्या कोण?" साहेबांनी विचारलं.

"धाकटा भाऊ," रूपेशच्या तोंडून निघून गेलं. "गोठ्यात काम करतोय."

"बोलवा की. चहा घेईल."

"नको, साहेब. तो जरा डोक्याने कमी आहे. माणसांत येत नाही."

माघी जागच्या जागी थबकली. भाकर पदराआड धरून ती गोठ्यात गेली. रूपेशच्या कानाच्या पाळ्या तापल्या. गेल्या साली आई तापाने फणफणली तेव्हा तो भिवंडीत होता. तो येईपर्यंत बुध्या तिच्या पायथ्याशी पडून होता, अन्नाला शिवला नव्हता. आणि आज आपण त्याला आधी नाही म्हटलं, मग वेडा ठरवलं. त्याला स्वतःची किळस आली.

"बुधवारचा का?" साहेबांनी विचारलं.

"हो. आमच्यात अशीच नावं ठेवतात."

साहेबांच्या बशीतला चहा सांडला. ते रुमालाने पॅन्ट पुसत राहिले. काहीतरी बोलायचं म्हणून रूपेश म्हणाला, "साहेब, असली कुत्री ज्यांच्याकडे असतात ते लोक मग काय करतात त्यांचं?"

"आमच्या सोसायटीतही हाच नियम आला होता." साहेब बुटांकडे बघत होते. "देतात कुणाकुणाला. गावाकडे मोकळी जागा असते. बरी राहतात तिकडे." मग बुटावरची धूळ झटकत म्हणाले, "राहत असतील."

मग त्यांनी मोबाईलवर बोट टेकवलं. "कुत्रा नाही. असंच लिहितो. झालं तुमचं काम."

काम झालं होतं. रूपेशला हायसं वाटायला हवं होतं, पण गोठ्याच्या कुडावर शेपटी आपटल्याचा थपथप आवाज येत होता आणि त्याला मान वर करवत नव्हती. तो साहेबांना गाडीपर्यंत सोडायला निघाला.

मागे कडी वाजली.

"घरच्याला कोंडून नाय ठेवणार मी," माघी गोठ्यातून म्हणाली.

बुध्या सुसाट सुटला. नेहमीप्रमाणे थेट गाडीकडे गेला, पुढच्या चाकाचा वास घेतला. आता मान खाली घालेल, असं रूपेशला वाटलं. बुध्याने मान वर केली, गर्रकन वळला आणि दोन्ही पाय साहेबांच्या छातीवर टाकून उभा राहिला.

"साहेब, हलू नका!" रूपेश ओरडला. "खोटं बोललो मी. भाऊबिऊ कुणी नाही, हाच बुध्या. आमच्या घरचाच आहे. विमा नको आम्हाला, पण त्याला काही करू नका!"

साहेबांचा मोबाईल धुळीत पडला होता. ते कुत्र्याला दूर लोटत नव्हते. बुध्याच्या गळ्यातून लहान पोराच्या रडण्यासारखा आवाज येत होता. तसला आवाज पाड्यात कुणी ऐकला नव्हता. माघी जवळ आली, पण साहेबांना तिच्याकडे बघवेना.

"तुमचाच आहे," ते म्हणाले. त्यांचा हात बुध्याच्या कानामागे गेला. "सीझर," ते पुटपुटले, "सिट."

तीन वर्षांत कुणाचंच न ऐकलेला बुध्या तत्क्षणी खाली बसला.